ब्रेकच्या नळीची दुरुस्ती : फ्लेअरिंग साधनाचा योग्य वापर

बालाघाट जिल्ह्याच्या नावातच घाट आहे. वैनगंगेच्या काठी वसलेल्या बालाघाट शहरातून बैहरकडे जाणारा रस्ता गांगुलपारा परिसर ओलांडताच जंगलातून चढू लागतो आणि उकवा मागे टाकून बैहरच्या पठारावर पोचतो. पठारावर रेल्वे नाही. उकव्याच्या मँगनीज खाणीतील कामगार, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीकडे जाणारे कारागीर, कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की प्रवेशद्वाराकडे निघालेले प्रवासी आणि आठवडी बाजारासाठी ये-जा करणारी गोंड व बैगा कुटुंबे या सर्वांची भिस्त रस्त्यावर व रस्त्यावरून धावणाऱ्या जीप, पिकअप आणि बसगाड्यांवर आहे.

जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग सखल व धानाचा आहे. राजेगावजवळ बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची सीमा मध्ये आली, तरी सोयरीक, बाजार व व्यापार पूर्ववत राहिला. सकाळी गोंदियाच्या बाजारात उभी असलेली गाडी सायंकाळी बैहरचा घाट चढत असते व दुसऱ्या दिवशी तोच घाट उतरत असते. म्हणून एका बाजूच्या कारागिराने केलेल्या दुरुस्तीवर दुसऱ्या बाजूच्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.

इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. ब्रेकची नळी फुटली तर गाडी थांबत नाही. या एका फरकामुळे ब्रेकच्या नळीची दुरुस्ती इतर दुरुस्त्यांच्या पंक्तीस बसविता येत नाही. 'तूर्त चालवून घेऊ' ही वृत्ती येथे चालत नाही. नळी बदलण्याचे योग्य काम मात्र अवघड नाही व फार खर्चाचेही नाही. त्यासाठी लागणारे फ्लेअरिंग साधन एका लहान पेटीत मावते. ते कसे वापरावे व का तसेच वापरावे, याचे विवेचन येथे केले आहे.

पेडलचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो

मोठ्या मालमोटारी व बसगाड्या यांचे ब्रेक बहुधा हवेच्या दाबावर चालतात. त्यांच्या नळ्यांची दुरुस्ती वेगळ्या पद्धतीने होते आणि येथील माहिती त्यांना लागू नाही. जीप, मोटार, पिकअप व लहान प्रवासी गाड्या यांचे ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतात. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. माल्कम लॉकहीड या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो मोटारीच्या ब्रेकला लागू केला. १९२१ साली ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक बसविले गेले आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

एका उदाहरणाने तिचे बळ ध्यानात येईल. चालकाने पेडलवर ३० किलोचा जोर दिला व पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५० किलोचा जोर येतो. दट्ट्याचा व्यास १९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २.८४ चौरस सेंटीमीटर असेल, तर द्रवात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ५३ किलो दाब निर्माण होतो. आणीबाणीच्या प्रसंगी जोराने ब्रेक दाबला असता, विशेषतः निर्वाताच्या साहाय्याने चालणारा बूस्टर असल्यास, हा दाब ७० ते १०० किलोपर्यंतही जातो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला दोन-अडीच किलोच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक अशा ब्रेकच्या नळीला काय सोसावे लागते याची कल्पना येते.

जुन्या जीपगाड्यांत चारही चाकांसाठी एकच द्रवमार्ग असे. त्यांत एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम निकामी होतात. नंतरच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर दुहेरी करून द्रवमार्गाचे दोन भाग पाडण्यात आले. त्यामुळे एक भाग गेला तरी दुसरा काम देतो. परंतु उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर भरलेली गाडी उतारावर वेळेत थांबेलच, असा भरवसा धरता येत नाही.

नळी कशाची असते व ती का खराब होते

बहुतेक गाड्यांत ब्रेकची नळी पोलादाची व दुपदरी असते. तांब्याचा मुलामा दिलेली मृदू पोलादाची पातळ पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळून भट्टीत तापवितात. तांबे वितळून दोन्ही पदर एकजीव होतात. लहान गाड्यांत नळीचा बाहेरचा व्यास बहुधा ४.७५ मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंच असतो आणि दोन्ही पदर मिळून भिंतीची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर भरते.

पोलादाचा शत्रू गंज होय. शेतातील चिखल, खाणीजवळची धूळ आणि पावसाळ्यातील ओल नळीच्या क्लिपांखाली व मागील आसाजवळ साचून राहते. वरून रंग शाबूत दिसतो, पण क्लिप सोडविली की खाली नळी खवल्यासारखी झालेली आढळते. काही वेळा नळी आसाला किंवा चौकटीला घासून झिजते. आतूनही गंज चढतो, कारण ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते.

तांब्याची खाण ज्या जिल्ह्यात आहे तेथे एक प्रश्न साहजिकच विचारला जातो. तांबे गंजत नाही व सहज वाकते, तर तांब्याचीच नळी का बसवू नये? हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचा मलाजखंड प्रकल्प १९८२ मध्ये सुरू झाला आणि तेथील खाण देशातील सर्वांत मोठ्या तांब्याच्या खाणींत गणली जाते. तथापि शुद्ध तांब्याची नळी ब्रेकसाठी कदापि वापरू नये. तांबे सततच्या कंपनाने व वाकण्याने कठीण होत जाते. मग त्यात बारीक चीर पडते आणि कोणतीही पूर्वसूचना न देता ते तुटते. पोलादाइतका दाबही ते सोसत नाही. शीतकपाट दुरुस्त करणाऱ्याकडे मिळणारी तांब्याची नळी शीतकपाटासाठीच योग्य होय.

तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची गोष्ट निराळी आहे. सुमारे ९० टक्के तांबे व १० टक्के निकेल असलेली नळी गंजत नाही, दाबही सोसते आणि वाकविण्यास सोपी असते. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने १९७६ पासून ती आपल्या मोटारींत वापरण्यास आरंभ केला. अशी नळी घ्यावयाची असल्यास ती ब्रेकसाठीच बनविलेली आहे, याची वेष्टनावरून खात्री करावी. केवळ रंगावरून तिची पारख करू नये, कारण तांब्याच्या मुलाम्याची पोलादी नळीही तांबूस दिसते.

कोणत्या दुरुस्त्या टाळाव्यात

रस्त्याच्या कडेला होणाऱ्या काही दुरुस्त्या दिसावयास सोयीच्या व परिणामी घातक असतात. गळणारी नळी पकडीने चेपून बंद करणे व उरलेल्या तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी चालविणे, ही त्यांतील सर्वांत प्रचलित होय. अशी गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढते. घाटातील वळणावर याचा अर्थ दरीकडे किंवा समोरून येणाऱ्या वाहनाकडे जाणे असा होतो. फुटलेल्या जागी रबरी नळी चढवून क्लिप आवळणे, डाख देणे, चिकटपट्टी गुंडाळणे, पाण्याच्या किंवा इंधनाच्या नळीचा दाबजोड बसविणे, हे सर्व प्रकार वर्ज्य समजावेत. पेडल हळूहळू दाबून पाहताना हे जोड टिकल्यासारखे वाटतात. जोराने ब्रेक दाबण्याची वेळ येते, त्या क्षणीच ते सुटतात.

एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंतची संपूर्ण नळी बदलणे, हा उत्तम मार्ग. गाडीच्या उत्पादकाची तयार नळी मिळत असल्यास तीच घ्यावी. जुन्या गाड्यांसाठी ती मिळत नाही, तेव्हा मोजमापाची नळी कापून तिच्या दोन्ही टोकांना फ्लेअर करावी लागते.

फ्लेअर म्हणजे काय

नळीचे टोक नटाच्या मदतीने जोडात घट्ट बसावे व तेथून द्रव गळू नये, यासाठी ते टोक विशिष्ट आकारात फुलवितात. या फुलविलेल्या तोंडास फ्लेअर म्हणतात. येथे रबरी वायसर नसतो. धातूवर धातू दाबून बसतो व त्यानेच गळती थांबते. म्हणून फ्लेअरचा आकार अचूक असणे अगत्याचे आहे.

फ्लेअरचे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत. पहिला एकपदरी फ्लेअर. यात नळीचे तोंड फक्त नरसाळ्यासारखे पसरविलेले असते. शीतकपाटाच्या तांब्याच्या नळीला तो चालतो. ब्रेकच्या पातळ पोलादी नळीचे तोंड असे ताणले तर कडेला चीर पडण्याचा संभव असतो, म्हणून तो ब्रेकसाठी अयोग्य होय.

दुसरा दुपदरी फ्लेअर. यात नळीची कड प्रथम आत वळवून मग ४५ अंशांच्या कोनात दुमडतात. त्यामुळे बैठकीच्या जागी धातूचे दोन थर येतात. जोडाच्या तळाशी पुढे आलेला शंकू असेल, तर तेथे हा फ्लेअर लागतो. तिसरा बुडबुडा फ्लेअर. तो बाहेरून छत्रीसारखा गोल असतो व जोडाच्या तळाशी आत गेलेली शंक्वाकृती बैठक असेल तेथे बसतो. दुपदरी व बुडबुडा हे दोन्ही प्रकार ब्रेकमध्ये वापरले जातात, परंतु एकाच्या जागी दुसरा चालत नाही. जुन्या नळीचे टोक व जोडाचा तळ विजेरीच्या उजेडात पाहून आधी प्रकार निश्चित करावा. नटाचे आटेही जुन्या नटाशी ताडून पाहावेत. इंचाच्या मापाचा व मिलिमीटरच्या मापाचा नट दिसावयास जवळजवळ सारखे असतात, पण चुकीचा नट आटे खराब करतो.

साधनपेटीत काय असते

पेटीत पुढील वस्तू असाव्यात : एक, नळी पकडणारी दुभागी पट्टी. तिच्यात निरनिराळ्या व्यासांची छिद्रे असतात व ती पंखनटांनी आवळता येते. दोन, पट्टीवर बसणारी चौकट व तिच्यातील शंकूयुक्त स्क्रू. तीन, प्रत्येक व्यासासाठी एकेक डाय. डायला मध्यभागी नळीत शिरणारी खुंटी व तिच्याभोवती कडा असते. चार, नळी कापण्याचे चाकाचे कटर. पाच, आतील कड साफ करण्याचा रीमर.

पेटीत डाय नसतील तर ती एकपदरी फ्लेअरची पेटी समजावी. शीतकपाटाच्या कामाची पेटी बहुधा अशीच असते. तिने ब्रेकचे काम करू नये. बुडबुडा फ्लेअरसाठी त्याच प्रकारची वेगळी डाय लागते. याखेरीज नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पाना, नळी वाकविण्याचे साधन, मध्यम कानस व डोळ्यांसाठी चष्मा जवळ असावा. साध्या पान्याने जुन्या नटाचे कोपरे झिजतात व काम दुप्पट होते.

प्रत्यक्ष कृती

१. गाडी सपाट व टणक जागी उभी करून चाकांना अडण लावावी. गाडी जॅकवर उचलली असल्यास खाली मजबूत स्टँड दिल्याशिवाय आत शिरू नये.

२. जोडाभोवतीची माती तारेच्या ब्रशने झाडावी, गंज सोडविणारे तेल टाकून काही वेळ थांबावे व मग नट सोडवावा. उघडी तोंडे स्वच्छ टोपणाने बंद करावीत. ब्रेक ऑइल रंग खाते व पोटात गेल्यास विषारी ठरते. ते सांडू देऊ नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

३. जुनी नळी शक्यतो अखंड काढावी, कारण तीच नव्या नळीचा नमुना होय. तिच्या वळणांवरून सुतळी फिरवून लांबी मोजावी व फ्लेअरमध्ये दुमडली जाणारी लांबी तीत मिळवावी.

४. नळी कटरने कापावी. कटर एकदम आवळू नये. प्रत्येक फेऱ्यानंतर थोडे थोडे आवळीत जावे. करवतीने कापलेले टोक तिरपे होते व आत कीस जातो.

५. टोक खाली धरून रीमरने आतील कड साफ करावी, बाहेरची कड कानशीने किंचित उतरती करावी आणि टोक काटकोनात आहे याची खात्री करावी. फ्लेअर फाटण्याचे किंवा वाकडा होण्याचे कारण बहुधा याच पायरीतील आळसात असते.

६. नट आताच नळीवर चढवावा. त्याचे आटे टोकाकडे असावेत. फ्लेअर झाल्यावर नट चढत नाही. ही चूक शिकाऊ माणसाकडून हमखास होते व केलेले टोक कापून टाकावे लागते.

७. नळी पट्टीच्या योग्य छिद्रात घालावी. छिद्राची उतरती कड ज्या बाजूस असेल, त्या बाजूने टोक वर काढावे. डाय शेजारी उलटी उभी करून तिच्या कडेच्या उंचीइतकेच टोक वर ठेवावे. हे माप कमी पडले तर दुमड अपुरी होते, जास्त झाले तर कड चुरगळते.

८. नळीजवळचा पंखनट आधी व दूरचा नंतर घट्ट आवळावा. नळी खाली सरकता कामा नये.

९. टोकावर ताज्या ब्रेक ऑइलचा एक थेंब द्यावा. डायची खुंटी नळीत घालून चौकट बसवावी व डायची कड पट्टीला टेकेपर्यंत स्क्रू फिरवावा. स्क्रू मागे घेऊन डाय काढली असता टोक बुडबुड्यासारखे फुगलेले दिसेल.

१०. आता डायविना शंकू थेट त्या टोकावर आणून स्क्रू आवळावा. वरची कड आत दुमडून खालच्या थरावर बसते. शंकू बेताने दाबावा. अधिक जोर दिल्यास धातू पातळ होतो.

११. पट्टी सोडवून फ्लेअर उजेडात पाहावा. तो सर्व बाजूंनी सारखा, मधोमध, गुळगुळीत व विनाचीर असावा. शंका वाटली तर टोक कापून पुन्हा करावे. नळीचे दोन इंच वाया गेले तरी चालतील.

१२. दुसऱ्या टोकाचे काम करण्यापूर्वी दुसरा नट चढविण्यास विसरू नये. नंतर नळीतून स्वच्छ कोरडी हवा फुंकून कीस काढावा आणि वाकविण्याच्या साधनाने जुन्या नळीप्रमाणे वळणे द्यावीत. गुडघ्यावर वाकविलेली नळी चपटी होते.

१३. नळी गाडीवर बसविताना दोन्ही नट प्रथम बोटांनी फिरवावेत. ते बोटांनी सहज शिरले नाहीत तर आटे जुळलेले नाहीत, असे समजावे. नंतर पान्याने बेताने आवळावेत. १० मिलिमीटरच्या नटासाठी साधारणतः १२ ते १६ न्यूटन-मीटर जोर पुरेसा होतो, परंतु गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. सर्व क्लिपा पुन्हा बसवाव्यात व नळी सायलेन्सरपासून आणि हलणाऱ्या भागांपासून दूर ठेवावी.

नवख्या माणसाने पहिला फ्लेअर गाडीवर बसवू नये. टाकाऊ नळीच्या तुकड्यांवर आधी सराव करावा व सलग काही फ्लेअर निर्दोष उतरल्यावरच कामास हात घालावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटर मेकॅनिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनीही हाच क्रम ठेवावा.

हवा काढणे व तपासणी

नळी उघडली की तीत हवा शिरते. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून नळीत हवा राहिली तर पेडल स्पंजासारखे लागते व जोर चाकापर्यंत पोचत नाही. हवा काढण्यास दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने चाकाजवळचा ब्लीडर स्क्रू थोडा उघडून बुडबुडे जाऊ द्यावेत व स्क्रू बंद केल्यावर 'सोडा' असे सांगावे. तोपर्यंत पहिल्याने पाय उचलू नये. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी घेतात, पण पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तोच पाळावा. एबीएस असलेल्या गाडीत उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच हवा काढावी. या वेळी ऑइलचा डबा रिकामा होऊ देऊ नये.

'ब्रेक ऑइल' या नावामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. हा द्रव इंजिनाच्या तेलासारखा खनिज तेलाचा नसतो. त्यात इंजिन ऑइल किंवा रॉकेल मिसळल्यास सिलिंडरमधील रबरी भाग फुगून ब्रेक निकामी होतात. डॉट ३ प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या त्याच द्रवासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून गाडी चालविल्यास ब्रेक तापतात, जुना द्रव उकळून वाफ होते व पेडल एकाएकी खाली जाते. म्हणून काढलेला द्रव पुन्हा भरू नये. सीलबंद डब्यातील, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचा द्रवच वापरावा.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे. त्या वेळी दुसऱ्याने प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा कागद लावून पाहावा. कागद ओला झाला किंवा पेडल हळूहळू खाली गेले, तर गाडी रस्त्यावर आणू नये. ही परीक्षा उतरल्यावर सपाट मोकळ्या जागी सावकाश चालवून ब्रेक पाहावेत. दुसऱ्या दिवशी जोड पुन्हा तपासावेत. त्यानंतरच गाडी घाटात न्यावी.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

विज्ञानाच्या शिक्षकांना हा विषय अल्प खर्चात दाखविता येईल. सुई नसलेल्या, नव्या, अशा ५ व २० मिलिलिटरच्या दोन पिचकाऱ्या पारदर्शक प्लास्टिक नळीने जोडून त्यांत रंगीत पाणी भरावे. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबला की मोठ्या पिचकारीचा दट्ट्या वर येतो व त्यावर ठेवलेले वजन उचलतो. मात्र तो कमी अंतर सरकतो. लहान दट्ट्या मास्टर सिलिंडर व मोठा चाकाचा सिलिंडर, असे समजावून सांगावे. नंतर नळीत मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा ठेवावा. दट्ट्या मऊ लागतो व वजन पूर्वीसारखे उचलले जात नाही. शेवटी नळीला टाचणीने छिद्र पाडावे. पाणी बाहेर उडते व वजन खाली बसते. ज्या मुलांचे वडील वा भाऊ गाडी चालवितात, ती मुले हा प्रयोग घरी जाऊन सांगतील.

चालक, मालक व प्रवासी यांनी घ्यावयाची दक्षता

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये परिवहन वाहनांस योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधी आहे. हे कायदे बाघ नदीच्या दोन्ही तीरांवर सारखेच लागू आहेत. परंतु प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाचे असते. गंजाचे काम त्यानंतरही चालूच राहते. म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा नळ्या क्लिपा सोडवून पाहाव्यात. शासकीय कार्यालयांतील वाहनांच्या नोंदवहीतही या तपासणीची नोंद तारखेसह ठेवावी.

ऑइलच्या डब्यातील पातळी कमी होणे, चाकाच्या आतील बाजूस ओला डाग दिसणे, पेडल नेहमीपेक्षा खाली जाणे किंवा गाडी एका बाजूला ओढणे, ही धोक्याची लक्षणे होत. डब्यात ऑइल भरून वेळ मारून नेऊ नये. ते कोठे गेले, याचा शोध घ्यावा. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी व इंजिन बंद करू नये. ब्रेक अकस्मात गेलाच, तर पेडल भराभर दाबून पाहावे, गिअर क्रमाने खाली आणावेत, हातब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी डोंगराच्या बाजूस घ्यावी.

प्रवाशांनाही यात काही करता येते. 'एका चाकाची नळी बंद केली आहे, बाकी ठीक आहे', असे चालक सांगत असेल तर त्या गाडीत बसू नये व इतरांनाही बसू देऊ नये. बाजार पुढच्या आठवड्यात पुन्हा भरतो. मालकाने अशा गाडीची फेरी बंद ठेवून नळी बदलून घ्यावी. फेरी बुडाल्याचे नुकसान त्याला एका दिवसाचे असते आणि पुढच्या फेरीत भरून काढता येते.